जुलैतला गुलाल

पुणे,
१० फेब्रुवारी २०२५

आदरणीय जमादार बाई,

सा. न. मी अनुजा खोत. दहावीची २००२ची बॅच, पहिला बाक, खिडकीकडचा. तुमचा मोबाइल कायम बंद असतो आणि व्हॉट्सअ‍ॅपचं नाव काढलं तरी तुम्ही खवळता, असं आईकडून कळलं. म्हणून कितीतरी वर्षांनी हातानं पत्र लिहिते आहे. शुद्धलेखनाच्या चुका लाल पेनानं दाखवू नयेत ही विनंती.

मी इथल्या एका संशोधन संस्थेत आहे. चंदगड-दोडामार्गाकडे काजूच्या बागांत काम करणाऱ्यांना माकडताप होतो, ते तुम्ही वाचलं असेल. त्यावरची नवी लस माणसाला देण्याआधी माकडांना देऊन पाहावी लागेल. अडचण अशी की आपला कोण आणि परका कोण हे ओळखणारी जनुकं प्रत्येक माकडात वेगवेगळ्या प्रकारची असतात. त्यामुळे एकच लस एका माकडाला लागू पडते आणि दुसऱ्याला पडत नाही. मग लसच वाईट होती की माकडच वेगळं होतं, हे कळायला मार्ग राहत नाही. म्हणून आपल्याकडच्या लाल तोंडाच्या माकडांत या जनुकांचे किती प्रकार आहेत, ते मला मोजायचं आहे.

त्यासाठी माकड पकडायची गरज नाही. ताजी विष्ठा पुरते. सोबतच्या पेटीत साठ कुप्या आहेत. कोडोलीच्या वरची वाडी, कागलकडची वस्ती आणि शिरोळची नदीकाठची मळी अशा तीन लांबलांबच्या ठिकाणच्या टोळ्या मी ठरवल्या आहेत. प्रत्येक कुपीवर ठिकाण, तारीख आणि क्रमांक लिहायचा. काम सोपं आहे, तरी मी चित्रं काढून पायरीपायरीनं समजावलं आहे. तुम्हाला झेपेल ना?

आपल्या वर्गातला गैबी तिकडे माकडं पकडायचं काम करतो असं ऐकलं. वाट दाखवायला त्याला घ्या, पण लेबलं त्याच्या हाती देऊ नका. तो किती हुशार आहे ते मी तुम्हाला काय सांगायचं!

तुमची विद्यार्थिनी,
अनुजा


कोडोली,
२४ एप्रिल २०२५

अनुजास आशीर्वाद.

तुझ्या पत्रात शुद्धलेखनाच्या अकरा चुका आहेत. 'विष्ठा' मात्र बरोबर लिहिलं आहेस, त्याबद्दल अभिनंदन. तू काढलेली चित्रं पाहिली. चौतीस वर्षं जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या बाईला विष्ठा कुठून बाहेर पडते हे बाणानं दाखवणारी तू पहिलीच.

झेपेल का म्हणून विचारतेस. माझ्या हाताखालून तीन हजार पोरं गेली आहेत, त्यांच्यापेक्षा हा माल पुष्कळ बरा. निदान ताजा असतो आणि उलट उत्तर देत नाही.

वरच्या वाडीतले चौदा नमुने मार्चच्या पहिल्या आठवड्यात घेतले. कागलकडचे चौदा १८ एप्रिलला. दोन्ही सोबत आहेत. लेबलं पेन्सिलीनं, माझ्या अक्षरात. शिवाय माझ्या वहीत प्रत्येक नमुन्यापुढे त्या माकडाची खूण लिहिली आहे. तुझ्या कागदावर ती पायरी नव्हती. असायला हवी होती.

गैबीला बरोबर घेतलं, कारण त्याची मोटारसायकल आहे आणि माकडं कुठं बसतात ते त्याला ठाऊक असतं. बाकी शाळेत होता तसाच आहे. तुला आठवतं? नववीला मी माकड आणि वानर यांतला फरक विचारला होता आणि यानं लिहिलं होतं, 'माकडाच्या गालात खिसा असतोय, वानराच्या नसतोय.' मी ते वर्गात वाचून दाखवलं. सगळ्यांत मोठ्यानं तू हसली होतीस. शून्य दिलं होतं मी. आता तोच मनुष्य वाटेत मला माकडांबद्दल शिकवायला बघतो. कागलला झाडाखाली उभे होतो तर म्हणाला, "बाई, ह्यास्नी मी वळखतो की." मी म्हटलं, "तुला पेशी आणि ऊती यांतला फरक ओळखायला दोन वर्षं लागली, तू माकडं काय ओळखतोस?" पुढं "बाई, विजयसिंह दादानी..." असं काहीतरी सुरू केलं होतं, तेही मी थांबवलं. विजयसिंह म्हणजे वरच्या वाडीचा पुढारी. त्याचा फोटो चौकाचौकात आणि अक्कल कुठंच नाही. त्याच्याबद्दल ऐकण्यात मला काडीचा रस नाही.

लोकांच्या बुद्धीचा आणखी एक नमुना. कागलच्या त्या टोळीतल्या चार-पाच माकडांच्या कानामागं आणि टाळूवर लाल रंग दिसला. चैत्र पौर्णिमेला मारुतीचा जन्म आणि जोतिबाची यात्रा एकाच दिवशी. यात्रेहून परतलेल्या भक्तांनी उरलेला गुलाल मारुतीचा अवतार म्हणून माकडांना फासला असणार. आपल्या जिल्ह्यात निवडून आलेल्याला गुलाल, पहिलवानाला गुलाल, देवाला गुलाल, आता माकडंही सुटली नाहीत. वहीत मी लिहिलं: 'क्र. २१, मादी, उजवा कान फाटका, डोक्याला गुलाल.'

माणसाची जनुकं मोजायचं कधी ठरलं तर मला कळव. आमच्या गावात एकच प्रकार सापडेल.

नजीरा जमादार


पुणे,
२० जून २०२५

आदरणीय बाई,

हे पत्र मी उभ्यानं लिहिते आहे, कारण मला बसवत नाही. तुमचे अठ्ठावीस नमुने तपासले. कुठल्याही रानटी टोळीत या जनुकांचे पंधरा-वीस प्रकार तरी सापडायला हवेत, आणि चाळीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या टोळीत आणखी वेगळे. तुमच्या दोन्ही ठिकाणी मिळून फक्त चार सापडले. वाडीत जे चार, तेच कागलला.

याचा अर्थ समजावून सांगते. परदेशात एका बेटावर कधीकाळी मोजकी माकडं पोहोचली, त्यांचीच पुढं हजारो झाली. त्यामुळे ती सगळी एकमेकांसारखी आहेत, आणि म्हणूनच प्रयोगशाळा त्यांच्यासाठी जीव टाकतात. सगळ्यांची जनुकं सारखी असली की लस चालली की नाही, याचं उत्तर स्वच्छ मिळतं. बाई, तसलं बेट आपल्या ऊसपट्ट्यात निघालं आहे! अख्ख्या दक्षिण महाराष्ट्रातली माकडं अशी असतील तर बाहेर कुणाच्या तोंडाकडं बघायला नको.

संस्था इथं माकडांची वसाहत उभारायच्या विचारात आहे. पहिली तुकडी तुमच्याच तीन ठिकाणांहून पकडून आणायची, पिंजऱ्यात वाढवायची आणि लशीच्या चाचण्या त्यांच्यावर करायच्या. तिची प्रमुख म्हणून माझं नाव पुढं आहे. ८ ऑगस्टला समितीपुढं मी निष्कर्ष मांडायचे. अकरा वर्षं मी दुसऱ्यांच्या नावाखाली राबले आहे. हे माझं पहिलं काम असेल.

आता फक्त शिरोळचे नमुने हवेत. तिथंही तेच चार निघाले की शिक्कामोर्तब.

पाच नमुने तांत्रिक कारणानं गाळावे लागले, त्यानं काही बिघडत नाही. आणि वही वगैरे ठेवायची गरज नव्हती, उगाच तुम्हाला त्रास.

अनुजा

ता. क. गुलालाचं वाचून आमच्या लॅबमध्ये सगळे खूप हसले.


कोडोली,
२४ जुलै २०२५

अनुजास,

उभ्यानं लिहिलेल्या पत्रात चुका वाढतात. चौदा.

तुझं चार प्रकारांचं वाचून बरं वाटलं. बरं वाटलं म्हणजे मी दोन दिवस गुणगुणत होते आणि शेजारणीनं बरं आहे ना म्हणून विचारलं. माझ्या विद्यार्थ्यांत डॉक्टर आहेत, एक पोलीस निरीक्षक आहे, तीन-चार जण तुरुंगात जाऊन आले. शास्त्र करणारी तू एकटी.

शिरोळचे नमुने काल घेतले. आठ दिवस पाऊस उघडला नव्हता. मळीच्या बांधावर चिखल घोट्याच्या वर, माझा गुडघा डाव्या बाजूनं ओरडत होता आणि गैबी मागून "बाई, जपून, बाई, जपून" करत होता. उसाच्या कडेला वडावर टोळी बसलेली. खाली ट्रॅक्टरवाले दोघे, ते मला बघून म्हणाले, "काय पावणं, माकडाचा दवाखाना हाय काय?" मी त्यांना उत्तर दिलं नाही. अशा लोकांना उत्तर देणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

चौदा नमुने मिळाले. क्र. ३७ घेताना मादी अगदी जवळ होती. उजवा कान फाटका. कानामागं लाल रंग. तिनं गैबीकडं पाहिलं आणि दात विचकले. अशी चीड मी फक्त वर्षानुवर्षांच्या ओळखीत पाहिली आहे.

इतकं लिहून थांबते, एसटी पार्सलची वेळ उद्याची आहे.

२७ जुलै

पार्सल पाठवलं नाही. का ते सांगते.

पत्र पाकिटात घालण्याआधी मी वाचून पाहिलं. मी लिहिलेलं तपासते, तू तपासत नसावीस. 'कानामागं लाल रंग' इथं माझी पेन्सिल अडली. आठ दिवस पावसात भिजलेल्या माकडाच्या अंगावर गुलाल कसा राहील? चौतीस वर्षं विद्राव्य आणि अविद्राव्य शिकवलं मी. जोतिबाच्या डोंगरावरचा गुलाल पहिल्या वळवानं धुऊन जातो, आणि हा एप्रिलचा गुलाल जुलैत टिकला?

एप्रिलची वही काढली. क्र. २१, मादी, उजवा कान फाटका. मार्चच्या पानावर क्र. ७, तोच कान.

गैबीला बोलावून घेतलं. दारात उभा राहिला, आत येईना. मी म्हटलं, "तो रंग कसला?" तर मान खाली घालून म्हणाला, "बेंदराचा हाय बाई. बैलाच्या शिंगाला लावत्यात न्हवं, त्यो ऑइलपेंट. गेल्या साली डबा उरलावता."

आता नीट वाच. वरच्या वाडीतली माकडं मार्चच्या शेवटी गैबीनं पकडली, विजयसिंहाच्या सांगण्यावरून. ती दाजीपूरच्या जंगलात नेऊन सोडायची, असं कागदावर होतं. टेंपोत भरल्यावर विजयसिंहानं सांगितलं, एवढ्या लांब कशाला, कागलच्या पल्याड सोडून ये. मग कागलकडच्या वस्तीला माकडांचा त्रास. त्यांनीही गैबीलाच बोलावलं, दुसरा आहे कोण? त्यांनी मेमध्ये शिरोळच्या मळीत सोडायला लावली. आता मळीवाले म्हणताहेत, पन्हाळ्याच्या पायथ्याला सोड. म्हणजे परत वाडीत. गेली चार वर्षं हेच चाललंय. आपलं नको ते शेजाऱ्याच्या दारात नेऊन टाकायचं, ही आपल्या पुढाऱ्यांची सगळ्यांत जुनी योजना आहे. केर असो, माणूस असो की माकड.

"मग रंग कशाला?" मी विचारलं. "ज्येची त्येला कळाया नकोत व्हय? लोक म्हनत्यात, तूच आमची माकडं परत आनून सोडतोस. म्हनून खूण केली. त्येच्यात थोरली हाय, कान फाटलेली, तिच्या दोन लेकी, आनि बाकी समदा त्यांचाच वेल हाय. येकच घर हाय बाई. मी सांगत हुतो की तुमास्नी. कागलातबी सांगिटलं."

सांगितलं होतं. माझं एप्रिलचं पत्र काढून बघ, माझ्याच अक्षरात आहे.

तुझं बेट म्हणजे एका म्हातारीचं कुटुंब आहे, अनुजा. ते टेंपोनं जिल्हाभर फिरतंय. एका घरातली पोरं दोन वेळा तपासून तू अख्ख्या मुलखाचा निकाल लावलास. समितीपुढं जाऊ नकोस.

आणि मला एक सांग. कान फाटकी मार्चमध्ये वाडीत होती आणि एप्रिलमध्ये कागलात. दोन्ही कुप्या तुझ्याकडे आहेत. तुझ्या त्या मोठ्या मशीनला एकच जनावर दोनदा आलेलं कळलं नाही?

नजीरा जमादार


पुणे,
१ ऑगस्ट २०२५

आदरणीय बाई,

पत्र मिळालं. मी शांतपणे उत्तर देते आहे.

मशीनला कळलं होतं. वाडी आणि कागल यांत पाच जोड्या तंतोतंत सारख्या निघाल्या. एकच जनावर, दोन कुप्या. मी त्याचा सरळ अर्थ घेतला की कुप्या भरताना किंवा लेबल लावताना तुमची गल्लत झाली. या वयात होतं असं. तुम्ही एवढ्या उन्हात माझ्यासाठी फिरलात, ते बोलून दाखवायला बरं वाटेना, म्हणून 'तांत्रिक कारण' लिहिलं. तुमचा मान ठेवण्यासाठीच.

नातं तपासण्याची वेगळी चाचणी असते. ती करायची होती, वेळ नव्हता.

आता गैबीच्या म्हणण्याबद्दल. शिंगाच्या रंगाचा डबा हा पुरावा नव्हे. कान फाटलेल्या माकडिणी प्रत्येक टोळीत असतात. नववीत तीनदा बसलेल्या माणसाच्या सांगण्यावरून मी अकरा वर्षांचं काम मागं घ्यायचं का? तुम्हीच त्याला काय समजत होता ते मला ठाऊक आहे.

समिती आठ तारखेला आहे. शिरोळचं पार्सल नाही आलं तरी चालेल, दोन ठिकाणांवरही मांडता येतं. नातं वगैरे पुढच्या टप्प्यात बघू. तोवर कृपा करून हे कुणाला लिहू नका. तिथं तुमच्या वहीला कुणी विचारत नाही. त्रास मला होईल.

अनुजा


कोडोली,
४ ऑगस्ट २०२५

अनुजा,

या वेळी चुका मोजल्या नाहीत. एकच पुरे आहे.

माझी गल्लत झाली असं तुला वाटलं. पाचदा वाटलं. आणि तू विचारलं नाहीस. मान ठेवलास! मला असल्या मानाचा उबग येतो. कागदावर एक ओळ, 'बाई, क्र. ७ आणि क्र. २१ एकच कसे?' एवढं लिहिलं असतंस तर मी वही उघडली असती, दोन्हीकडं फाटका कान सापडला असता आणि जूनमध्येच सगळं उजेडात आलं असतं. चूक समोर दिसली की तिच्याकडं बोट दाखवायचं, हे मी तुम्हाला शिकवलं होतं. म्हाताऱ्या माणसाची चूक म्हणून पोटात घालायची, हे कुठं शिकलीस? त्याला आदर म्हणत नाहीत. त्याला दुर्लक्ष म्हणतात, आणि ते शास्त्रात चालत नाही. लग्नाकार्यात चालतं.

पुढच्या टप्प्यात बघू म्हणतेस. पुढच्या टप्प्यात काय होईल ते मी सांगते. त्या म्हातारीचं घर पिंजऱ्यात येईल. त्यांना लस देशील, सगळ्यांना सारखी लागू पडेल, कारण सगळी एका रक्ताची. टाळ्या पडतील. मग तीच लस चंदगडच्या काजूवाल्या बाईला देशील, जिची जनुकं तिच्या सख्ख्या बहिणीशीही जुळत नाहीत. तिला ती लागू पडेल का? तुला माहीत नाही. मलाही नाही. फरक एवढाच की मी मान्य करते.

तू गैबीला काय समजतेस ते लिहिलंस, आणि मी त्याला काय समजत होते तेही. दुसरं वाक्य बरोबर आहे, त्यानंच मला झोंबलं. तो तोंडानं सांगत होता, मी ऐकलं नाही. मशीन आकड्यानं सांगत होतं, तू ऐकलं नाहीस. एक निवृत्त, एक पीएचडी, आणि दोघींना मिळून जे दिसलं नाही ते शेवटच्या बाकावरच्याला दिसत होतं. मला तुझा राग आहे, पण माझ्या स्वतःबद्दल जी किळस वाटते आहे तिच्यापुढे तो काहीच नाही.

मी कुणालाही लिहिणार नाही. समितीचा पत्ता मला मिळू शकतो, माझा एक विद्यार्थी मंत्रालयात चहा पितो. पण शिक्षिकेनं विद्यार्थिनीचा पेपर दुसऱ्याकडं नेऊन तक्रार करायची नसते. पेपर तुझा आहे, तूच तपास.

कुप्या ७, २१ आणि ३७. पहिल्या दोन तुझ्याकडे आहेत, तिसरी सोबत. त्याबरोबर तिच्या कानामागचे केस, रंगासकट. काल गैबीनं मळीत जाऊन पकडून कापून आणले, हात फोडून घेतला. सहाव्या इयत्तेतलं पोरगंही ही तिन्ही एकत्र ठेवून बघेल. आठ तारखेला अजून चार दिवस आहेत.

नजीरा जमादार

लेबल या वेळी गैबीच्या अक्षरात आहे. 'ठिकाण' पुढं त्यानं काय लिहिलंय ते वाच: 'शिरोळ (मूळची कोडोलीची).' मी चौतीस वर्षांत इतकं नेमकं लेबल पाहिलं नाही.


पुणे,
३० ऑगस्ट २०२५

आदरणीय बाई,

तीन आठवडे लिहायचं धाडस होत नव्हतं.

तिन्ही कुप्या सहा तारखेला एकत्र लावल्या. एकच मादी. मग टाळलेली ती नात्याची चाचणी केली. सगळ्यांची आई नाहीतर आजी तीच. तुमच्या पाचही लेबलांत एकही चूक नव्हती.

आठ तारखेला मी समितीपुढं उभी राहिले आणि सांगितलं की माझा निष्कर्ष चुकीचा आहे. का ते सांगताना टेंपो आला, बेंदराचा रंग आला, गुलाल आला. कुणी रागावलं असतं तर बरं झालं असतं. ते हसले, बाई. एकानं विचारलं, 'माकडवाल्यानं तुमची फेरतपासणी केली वाटतं?' आणि पुन्हा सगळे हसले. वर्गात हसतात तसे. मला त्या वेळी ते गालातल्या खिशाचं आठवलं. मी किती मोठ्यानं हसले होते ते आठवलं.

वसाहत आता इथं होणार नाही. दुसऱ्या कुणाच्या हाताखाली, दुसऱ्या राज्यात होईल. माझं नाव यादीतून गेलं. रडले थोडी. त्या म्हातारीचं घर मात्र कुणी पकडायला येणार नाही.

संचालकांनी मला एक काम दिलं आहे, दया म्हणून की शिक्षा म्हणून ते कळत नाही. जिल्ह्यात खरोखर वेगळ्या किती टोळ्या आहेत आणि कोणती कुठून कुठं नेऊन सोडली, ते शोधून नमुने नव्यानं घ्यायचे. ते सांगू शकेल असा एकच मनुष्य आहे. त्याचं नाव कामावर माझ्या आधी असेल, हे मी लेखी ठरवून घेतलं आहे.

एक विचारायचं आहे, आणि विचारताना लाज वाटते. नाव घालायला त्याचं आडनाव लागेल. पाच वर्षं आम्ही एका वर्गात होतो. मला ते आठवत नाही.

अनुजा


कोडोली,
१४ सप्टेंबर २०२५

अनुजास आशीर्वाद.

शुद्धलेखनाची एकही चूक नाही. रडून लिहिलं की माणूस जपून लिहितो.

हसणाऱ्यांचं मनाला लावून घेऊ नकोस. त्यांच्यातल्या एकाच्याही हाताला कधी माकड चावलेलं नाही.

गैबीला तुझं पत्र वाचून दाखवलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "खिडकीकडची अनुजा न्हवं? मला वाटलं ती इसरली आसंल." कामाला तयार आहे. अटी दोन. रंगाचे डबे तू आणायचे, पाच वेगवेगळे, आणि विजयसिंहाशी तूच बोलायचं. पहिली अट सोपी आहे. दुसरीसाठी मी बरोबर येईन, मला त्या माणसाला बरंच काही सांगायचं आहे.

त्यानं मला टोळ्या सांगितल्या, मी लिहून घेतल्या. त्याच्या हिशेबानं जिल्ह्यात खऱ्या अर्थानं वेगळ्या सतरा आहेत. कुठली कोणत्या सालात कुणाच्या टेंपोतून कुठं गेली, सगळं पाठ आहे. लिहिताना माझा हात दुखला, त्याचं सांगणं संपेना. मध्येच थांबून म्हणाला, "बाई, तुमी आज काय आडवलं न्हाईसा?"

आडनाव मलाही आठवलं नाही. त्यालाच विचारलं. शिकलगार. सांगताना तो हसला आणि म्हणाला, "रोज हजेरीला म्हनत हुता की."

परवा वाडीवर गेले होते. मळीवाल्यांनी टोळी पन्हाळ्याच्या पायथ्याला सोडायला लावली होती, तिथून ती घरी पोहोचली आहे. कान फाटकीला शेंगदाणे टाकले. तिनं ते चावले नाहीत, एकेक करून गालात भरले. दोन्ही गाल टम्म फुगेपर्यंत. मग फांदीवर जाऊन बसली आणि खालून बोटानं दाबत एकेक दाणा तोंडात घेऊ लागली. खिशातून काढावा तसा. वानराला तसा खिसा नसतो.

ते उत्तर बरोबर होतं, अनुजा. मला ते वर्गात वाचून दाखवतानाही माहीत होतं.

नजीरा जमादार